हजरत मखदूम फकीह अली माहिमी (रह.) : आज्ञापालनातून विद्वत्तेकडे

ठाणे, कल्याण, भिवंडी, मुंब्रा या पट्ट्यातील मुस्लिम घरांत हजरत मखदूम फकीह अली माहिमी (रह.) यांचे नाव लहान मुलांनाही ठाऊक असते. डिसेंबर महिन्यात माहीमची जत्रा भरते तेव्हा आपल्याकडील कित्येक कुटुंबे दादरला गाडी बदलून माहीमला जातात. मुंबई पोलिसांच्या संदलची मिरवणूक वर्तमानपत्रांतून झळकते. जे. जे. रुग्णालयाशेजारून दक्षिण मुंबईकडे झेपावणारा लांबलचक उड्डाणपूलही त्यांच्याच नावाचा आहे. 'कुतुब-ए-कोकण' ही त्यांची पदवी त्या पुलाच्या नावात आली आहे. त्यांचे नाव एवढे सर्वतोमुखी असूनही त्यांचे जीवन मात्र फारसे कोणास ठाऊक नाही. त्यांच्या मजारीवर चादर घेऊन जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हे गृहस्थ पवित्र कुरआनचे एक अव्वल दर्जाचे भाष्यकार होते, आणि त्यांची तफसीर इजिप्तच्या राजधानीत छापली गेली?

हिजरी सनाच्या आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे इसवी सनाच्या १३७० च्या दशकात, माहीम येथे त्यांचा जन्म झाला. त्या काळचे माहीम म्हणजे आजचे गजबजलेले उपनगर नव्हे. ते खाडीच्या मुखाशी वसलेले बेट होते, आणि उत्तर कोकणच्या बंदरांच्या साखळीतील एक दुवा होते. या साखळीत ठाणे फार जुने. अल्-बिरुनीने ठाण्याचा उल्लेख कोकणची राजधानी म्हणून केला आहे. त्याही आधी, हिजरी ३०४ मध्ये, अल्-मसऊदी हा प्रवासी चौलच्या बंदरात उतरला तेव्हा तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदविले. त्यांचे आपसांतील निवाडे त्यांच्यातीलच एक प्रमुख करीत असे आणि तेथील हिंदू राजाची त्यास मान्यता होती. आपल्या कोकणी मुस्लिम समाजाची मुळे अशी समुद्राशी बांधलेली आहेत. इस्लाम या किनाऱ्यावर प्रथम आला तो सैन्याबरोबर नव्हे, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आला, ही गोष्ट शाळेतील इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकली जाते. ती आपण आपल्या मुलांना सविस्तर सांगावयास हवी.

मखदूम साहेबांचे घराणे नवायत. अरबस्तानातून येऊन पश्चिम किनाऱ्यावर स्थिरावलेले, व्यापार आणि विद्या दोन्ही सांभाळणारे असे हे लोक. वडील शेख अहमद हे स्वतः विद्वान होते आणि सुखवस्तूही होते. मातोश्रींचे नाव फातिमा. त्या एका नाखुद्याच्या, म्हणजे जहाजाच्या धन्याच्या कन्या होत्या. अशा घरात वाढणाऱ्या मुलासमोर दोन मार्ग खुले असतात. आजोळचा वारसा घेऊन समुद्रावर जावे, किंवा वडिलांचा वारसा घेऊन एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या नगरीत जावे. या मुलाने दोन्हींपैकी काहीच केले नाही. तो माहीममध्येच राहिला, आणि का राहिला हे सांगणाऱ्या दोन कथा कोकणातील घराघरांत पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जात आहेत.

पहिली कथा पाण्याच्या कटोऱ्याची. एके रात्री, इशाच्या नमाजेनंतर, मातोश्रींनी अंथरुणावरून पाणी मागितले. मुलगा पाणी घेऊन परतला तो त्यांना झोप लागलेली. झोपमोड करणे त्याच्या जिवावर आले. कटोरा उशाशी ठेवून आपण निजावे, हेही मनास पटेना. कारण त्या जाग्या होऊन पुन्हा पाणी मागतील आणि आपण झोपलेले असू, तर आज्ञा अपुरी राहील. म्हणून तो कटोरा हातात घेऊन उभा राहिला. रात्र सरली. फजरच्या सुमारास मातोश्रींचे डोळे उघडले तेव्हा मुलगा तसाच उभा होता. त्या माउलीने तेथल्या तेथे हात उचलून त्याच्यासाठी दुआ मागितली, आणि लोकांची श्रद्धा अशी की त्या दुआनेच त्याच्यासाठी ज्ञानाची कवाडे उघडली.

ज्यांनी हदीसचे वाचन केले आहे त्यांना येथे काहीतरी ओळखीचे वाटेल. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत गुहेत अडकलेल्या तीन माणसांची हदीस आहे. गुहेचे तोंड दरडीने बंद झाले तेव्हा त्या तिघांनी आपापले एकेक निर्मळ कर्म अल्लाहसमोर ठेवून सुटका मागितली. त्यांतील एकाचे कर्म असे : तो रोज संध्याकाळी वृद्ध आईवडिलांना दूध पाजून मगच मुलाबाळांना देई; एके दिवशी परतावयास उशीर झाला, ते झोपी गेले होते, आणि तो दुधाचे भांडे घेऊन पहाटेपर्यंत त्यांच्या उशाशी उभा राहिला, लेकरे पायाशी भुकेने रडत असतानाही. हजरत बायजीद बिस्तामी (रह.) यांच्याविषयीही पाण्याची अशीच कथा सांगितली जाते. तेव्हा चिकित्सक वृत्तीचा एखादा तरुण म्हणेल की ही कथा माहीमची नाहीच, ती दुसरीकडून येथे आली. माझे मत वेगळे आहे. विद्वान बापाच्या घरात वाढलेल्या मुलाने ती हदीस ऐकलीच नसेल, असे मानणे कठीण. ऐकलेले त्याने केले, असे का म्हणू नये? आणि घटना जशीच्या तशी घडली नसेल असे धरले, तरी एक प्रश्न उरतोच. एवढ्या मोठ्या ग्रंथकाराची आठवण जपताना लोकांनी त्याचा एखादा वादविवाद, एखादी विद्वत्तेची चमत्कृती निवडली नाही. आईसाठी उभ्या राहिलेल्या पोराची रात्र निवडली. विद्वत्ता कोठून उगवते हे त्या अक्षरओळखही नसलेल्या आजीबाईंना, ज्यांनी ही कथा आपल्यापर्यंत पोहोचविली, पुरते कळलेले होते.

कारण ही आज्ञा केवळ आईची नव्हती. सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहने आपल्याखेरीज कोणाचीही उपासना न करण्याच्या आज्ञेस लागूनच आईवडिलांशी सद्वर्तनाची आज्ञा दिली आहे, आणि त्यांच्यापुढे वैतागाचा एक उद्गारही काढू नये इतक्या बारकाईने दिली आहे. कटोरा धरून उभे राहणे हे फर्ज नव्हते. पाणी उशाशी ठेवून मुलगा झोपला असता तर कोणत्याही मुफ्तीने त्यास दोषी ठरविले नसते. परंतु आज्ञेत किमान किती केले म्हणजे सुटका होते याचा हिशेब तो करीत नव्हता. ज्याला आज्ञा देणारा प्रिय असतो तो असा हिशेब करीत नाही.

दुसरी कथा परदेशगमनाची. वडिलांच्या निधनानंतर पुढील विद्येसाठी दूरदेशी जावे अशी ओढ या तरुणास लागली. त्या काळी मोठे शिक्षण म्हणजे प्रवास. हदीससाठी, फिकहसाठी लोक वर्षानुवर्षे चालत. मातोश्रींना मात्र मुलाचा वियोग सोसवेना. त्याने बेत सोडून दिला. परंपरा पुढे असे सांगते की माहीमच्या किनाऱ्यावर हजरत खिज्र (अलै.) यांच्याकडून त्याला ज्ञान मिळाले. यावर ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे विचार करावा. मला त्या कथेतील अलीकडचा भाग अधिक मोलाचा वाटतो. तरुण वयात, घरात पैसा असताना, सारी उमेद एकवटलेली असताना, एका वृद्ध स्त्रीच्या मनासाठी जहाजाच्या वाटेवरून माघारी फिरणे ही साधी गोष्ट नाही. हजरत उवैस करनी (रह.) यांचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. आईच्या सेवेपायी त्यांना प्रेषितांचे (स.) दर्शन घडले नाही, तरी प्रेषितांनी (स.) त्यांची आठवण काढली आणि त्यांच्या दुआचे महत्त्व सहाबांना सांगितले.

आपल्या मुंब्रा-कौसा, कल्याण, भिवंडीच्या कित्येक घरांतील मुले आज दुबईत, कुवेतमध्ये, सौदीत आहेत. कमाईसाठी परदेशी जाणे यात गैर काही नाही. ते कुटुंबासाठीच असते आणि बहुधा आईवडिलांच्या संमतीनेच असते. परंतु घरात आजारी आई एकटी असेल, तिला पाहणारे दुसरे कोणी नसेल, आणि आपण केवळ हौसेपायी निघालो असू, तर शरीअत काय म्हणते हे एकदा आपल्या मशिदीच्या आलिमांना विचारून घ्यावे.

मखदूम साहेब राहिले, आणि राहून त्यांनी जे केले ते पाहून मन थक्क होते. ते शाफई फिकहचे इतके जाणकार झाले की 'फकीह' हा शब्द त्यांच्या नावाचाच भाग झाला. माहीमच्या मुसलमानांचे काझीपद त्यांच्याकडे होते, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी अरबीत ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. शेख शहाबुद्दीन सुहरवर्दी यांच्या 'अवारिफुल मआरिफ'वर भाष्य, इब्ने अरबी यांच्या 'फुसूसुल हिकम'वर भाष्य, आणि असे पुष्कळ. इब्ने अरबींच्या विचारांविषयी उलेमांत तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. त्या खोल पाण्यात आपण येथे उतरणार नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्या लेखणीने अध्यात्माचे असे अवघड विषय हाताळले, त्याच लेखणीने सामान्य माणसासाठी 'फिकह-ए-मखदूमी' हे इबादतीच्या मसल्यांचे छोटे पुस्तकही लिहिले. मारिफतच्या गोष्टी बोलू लागले की नमाज-रोजाचे मसले खालच्या पायरीवरचे वाटू लागणारे लोक प्रत्येक काळात असतात. मखदूम साहेब त्यांतले नव्हते.

त्यांचा आणखी एक ग्रंथ या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे : 'इनआमुल मलिकिल अल्लाम'. शरीअतच्या आज्ञांमागे कोणत्या हिकमती आहेत, हा त्याचा विषय. या विषयावर हिंदुस्थानात शाह वलीउल्लाह देहलवी (रह.) यांचा 'हुज्जतुल्लाहिल बालिगा' सर्वांत प्रसिद्ध आहे, पण तो अठराव्या शतकातला. माहीमच्या या फकीहांनी त्याच्या तीनशे वर्षे आधी हा विषय हाती घेतला होता. आज आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे. आधी हिकमत पटवून द्या, मग आज्ञा पाळू, असे शिकलेली मुले म्हणतात. ज्याने एक रात्र कारण न विचारता उभे राहून काढली, त्यालाच पुढे कारणे उलगडत गेली. हिकमतीचा शोध घेण्यास इस्लामने कधीच मनाई केली नाही. मात्र हिकमत कळेपर्यंत नमाज थांबवून ठेवता येत नाही.

आता त्यांच्या मुख्य ग्रंथाकडे वळू. 'तब्सीरुर्रहमान व तैसीरुल मन्नान' असे त्या तफसीरचे लांब नाव. लोक तिला तफसीर-ए-रहमानी किंवा तफसीर-ए-महाइमी म्हणतात. या तफसीरची दोन वैशिष्ट्ये जाणकार सांगतात. एक म्हणजे आयतींचा परस्परसंबंध उलगडून दाखविणे. एका आयतीनंतर दुसरी का आली, हे ते सतत शोधत जातात. दुसरे वैशिष्ट्य मला अधिक भावते. कुरआनच्या ११४ सूरहांपैकी सूरह तौबा वगळता ११३ सूरहांच्या आरंभी बिस्मिल्लाह आहे. शब्द तेच, अक्षरे तीच. बहुतेक भाष्यकार पहिल्या बिस्मिल्लाहचा अर्थ सांगून पुढे जातात. मखदूम साहेब थांबतात. प्रत्येक सूरहच्या आरंभी ते बिस्मिल्लाहचा अर्थ त्या सूरहच्या विषयाशी जोडून नव्याने सांगतात.

ही रीत कशी, ते समजण्यासाठी सूरह कुरैश घ्यावी. (हे त्यांचे शब्द नव्हेत, त्यांच्या वाटेने दोन पावले चालून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.) त्या सूरहमध्ये कुरैशांच्या हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या व्यापारी प्रवासांची आठवण आहे, आणि ज्याने भुकेत अन्न दिले व भीतीत अभय दिले त्या काबागृहाच्या स्वामीचीच उपासना करावी अशी आज्ञा आहे. मग या सूरहच्या माथ्यावरील 'रहमान' वाचताना रेताड मुलखात तांड्यांच्या पोटाला अन्न पुरविणारी कृपा डोळ्यांसमोर यावी, आणि 'रहीम' वाचताना लूटमारीच्या वाटेवर त्यांना सुखरूप राखणारी. व्यापारी घराण्यातील, नाखुद्याच्या नातवाला ही सूरह वाचताना काय वाटत असेल, याची कल्पना करावी. गलबत सुखरूप बंदराला लागणे म्हणजे काय, हे त्याच्या आजोळी सर्वांना ठाऊक होते.

येथे आपल्या रोजच्या नमाजेचा विचार करू. पाच वेळच्या फर्ज रकाती १७. प्रत्येक रकातीत फातिहा. शाफई मतानुसार बिस्मिल्लाह ही फातिहाचीच एक आयत, ती सुटली तर फातिहा पूर्ण होत नाही. म्हणूनच आपल्या कोकणी मशिदींत फजर, मगरिब आणि इशाला इमाम ती मोठ्याने पढतात. (हनफी मशिदींत ती मनात पढली जाते. ठाण्या-कल्याणात एकाच मोहल्ल्यात दोन्ही प्रकारच्या मशिदी आहेत, आणि यावरून वाद घालणाऱ्यांनी मखदूम साहेबांचे वाचन करावे, म्हणजे वाद घालण्यास वेळ उरणार नाही.) मखदूम साहेबांनीही आयुष्यभर हेच शब्द रोज, पुन्हा पुन्हा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रीतीने उच्चारले. साठ वर्षांच्या आयुष्यात किती हजार वेळा! असे शब्द झिजून गुळगुळीत व्हावयास हवेत. त्यांच्या जिभेवर ते झिजले नाहीत. ११३ ठिकाणी ते नवे होऊन उगवले. कुरआनच्या दुसऱ्या सूरहच्या आरंभीच्या काही शब्दांवर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि व्याकरणाच्या अंगाने त्यांची रचना कोट्यवधी प्रकारांनी लावता येते असा हिशेब मांडून दाखविला. हे काम ज्याला कंटाळा आला आहे असा माणूस करू शकत नाही. यामागे आनंद आहे. लहान मूल एकच शिंपला उलटसुलट करून दिवसभर पाहते, तसला आनंद.

मशिदीत इमामत करणाऱ्या प्रत्येकास तरुण मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. नमाजेत मन लागत नाही. मन लागू लागले की नियमित येऊ, असे त्यांचे म्हणणे असते. सकाळी सहाची लोकल गाठणाऱ्या, रात्री नऊला डोंबिवलीच्या फलाटावर उतरणाऱ्या माणसाचा थकवा मी समजू शकतो. त्याच्या तक्रारीत खोटे काही नाही. पण मन लागण्याची वाट पाहत बसणे म्हणजे पोहता येईपर्यंत पाण्यात न उतरण्यासारखे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नमाजेत आपल्या डोळ्यांचा गारवा असल्याचे सांगितले, आणि हजरत बिलाल (रजि.) यांना अजान देण्यास सांगताना त्यांनी नमाजेलाच विश्रांती मानले. हा गारवा पहिल्या दिवशी हाती येतो असे कोठेही म्हटलेले नाही. कटोरा धरलेल्या त्या मुलाचे पाय त्या रात्री दुखलेच असतील. मध्यरात्री डोळे मिटू लागले असतील. आज्ञेत गोडी येण्याआधी आज्ञेत उभे राहावे लागते, आणि ते उभे राहणे एकट्याचे, कोणी पाहत नसतानाचे असते.

जो मुलगा जहाजात बसला नाही, त्याच्या ग्रंथाने मात्र समुद्र ओलांडला. हिजरी १२९५, म्हणजे इ.स. १८७८ मध्ये, कैरोच्या सुप्रसिद्ध बूलाक छापखान्यातून तब्सीरुर्रहमान दोन खंडांत छापून निघाली. अरब जगतातील विद्वानांच्या हाती माहीमच्या एका फकीहाचे अरबी पडले, तोवर त्या फकीहास जाऊन चारशेहून अधिक वर्षे लोटली होती. ज्या नगरांत शिकावयास जाण्याची त्यांस ओढ होती, तेथील विद्यार्थी आता त्यांच्या ग्रंथावरून शिकू लागले.

मखदूम साहेबांची अखेरची वर्षे शांततेची नव्हती. उत्तर कोकणचा हा किनारा तेव्हा गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखाली होता, आणि दक्षिणेतील बहामनी सुलतानांचे त्यावर लक्ष होते. इ.स. १४३० च्या सुमारास बहामनी सरदार मलिक-उत-तुज्जार याने माहीम बळकावले. गुजरातच्या अहमदशहाने आपला मुलगा जफरखान यास पाठविले. आरमार समुद्रातून आले, फौज जमिनीवरून. आधी ठाण्याला वेढा पडला, ते घेतल्यावर लढाई माहीमवर आली, आणि बहामनी फौजेचा पराभव झाला. दोन्ही बाजूंनी लढणारे मुसलमानच होते, दोन्ही सुलतानांचे नावही एकच होते : अहमदशहा. राज्यांच्या या ओढाताणीत माहीमच्या कोळ्यांचे, बागाइतदारांचे, नवायत व्यापाऱ्यांचे काय हाल झाले असतील ते इतिहासकारांनी लिहिलेले नाही. ते सुलतान आज केवळ अभ्यासकांच्या स्मरणात आहेत.

ही धामधूम निवल्यानंतर थोड्याच काळात, हिजरी ८३५ मध्ये, मखदूम फकीह अली (रह.) यांचे माहीममध्येच निधन झाले. तेथेच त्यांचे दफन झाले. दर्ग्यात त्यांच्या कबरीशेजारी दुसरी एक कबर आहे, ती त्यांच्या मातोश्री फातिमा यांची.